अंबडला राहिलेली सवारी

एसटीतून निवृत्त होऊन मला आठ वर्षं झाली, पण चार माणसं एका जागी दिसली की अजूनही माझी मान आपोआप हलते. एक, दोन, तीन, चार. लग्नाची पंगत असो की मयत, बदनापूर स्टेशनावर गाडीची वाट बघणारी माणसं असोत, मी मोजतो. माझी बायको उषा म्हणते, "सुंभ जळालं, पीळ काही गेला न्हाई." बोलू द्या तिला. बत्तीस वर्षं वाहकाची बॅग खांद्याला अडकवलेल्या माणसाला दुसरं काय येणार?

निवृत्तीच्या सत्कारात मी छाती फुगवून सांगितलं होतं, "माझ्या गाडीची एकही सवारी कधी मागं राहिली नाही." टाळ्या पडल्या. माझ्यासोबत वीस वर्षं गाडी चालवलेला रामप्रसाद स्टेजवरच होता, त्यानं मान खाली घातली. पहिल्या रांगेत उषा बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसता पदर सारखा केला. मी ते पाहिलं आणि गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला.

तर मागच्या दिवाळीला आमचा कल्याण आला. एकुलता एक, पुण्याला कंपनीत आहे, आणि तिथं बसून बदनापूरचा कारभार बघतो. घराला रंग कोणता लावायचा, टाकी कधी धुवायची, सगळं फोनवरून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फराळाची बशी मांडीवर घेऊन तो म्हणाला, "अण्णा, तुमचं अन् आईचं जहाजाचं बुकिंग केलंय. मुंबईहून निघायचं, कोचीला एक दिवस थांबायचं, परत मुंबई."

"जहाजात काय करायचं?"

"काही न्हाई करायचं. बसायचं, खायचं, समुद्र बघायचा."

मला वाटलं होतं उषा नको म्हणेल. ती चिवड्यातले शेंगदाणे वेचत म्हणाली, "जाऊ की."

कल्याणनं मोबाईलवर फॉर्म उघडला. कोचीला जहाज सकाळी लागणार आणि चार वाजता सगळ्यांनी परत आत यायला पाहिजे. तिथं दोन प्रकार होते. एक म्हणजे जहाजवाल्यांचीच बस, गाईड, जेवण, सगळं ठरलेलं. दुसरा म्हणजे आपलं आपण उतरायचं, रिक्षा करायची, वाटेल तिकडं जायचं.

"बसचं लिही," मी म्हणालो. "दोघांचं."

"एकाचं लिही," उषा म्हणाली.

"का गं?"

"मला न्हाई कोणाच्या मोजणीत फिरायचं. मी माझी माझी फिरीन."

कल्याणला वाटलं आईला नियम समजला नाही. तो समजावून सांगायला लागला. "आई, बसवाल्यांना उशीर झाला तर जहाज थांबतं, कारण ती त्यांचीच बस. आपलं आपण गेलेल्यांसाठी थांबत न्हाई. चार म्हणजे चार. निघून जातं."

"जाऊ दे. मला सवय आहे मागं राह्यची."

कल्याण हसला. त्याला गंमत वाटली. मी हातातला लाडू परत बशीत ठेवला.

ती अंबडची गोष्ट आमच्या घरात पस्तीस वर्षांत कधी निघाली नव्हती. कल्याणला माहीत नाही, सुनेला माहीत नाही. एकोणनव्वद साल होतं, थंडीचे दिवस, सोमवती अमावस्या. हसनाबादच्या बायकांच्या भजनी मंडळानं आमची गाडी ठरवली होती. आधी अंबडच्या मत्स्योदरीचं दर्शन, मग शहागडला गोदावरीत पर्वणीचं स्नान आणि परत. हसनाबाद उषाचं माहेर. ती तेव्हा तिथंच होती. म्हणाली, मीही येते, देवीला माझं एक सांगायचं आहे. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. काय सांगायचं होतं ते मला कळत होतं.

काय दिवस होते ते! कमरेशी चामड्याची बॅग, हातात रंगीबेरंगी तिकिटांचा ट्रे, आणि पंचचा तो टिकटिक आवाज. पंच वाजवत मी गाडीत चढलो की म्हाताऱ्या माणसांनाही हुशारी यायची. रामप्रसाद केबिनमध्ये उदबत्ती लावायचा, स्टेअरिंगच्या पाया पडायचा आणि मगच चावी फिरवायचा. पहाटे गारठ्यात गाडी निघाली की खिडक्यांच्या काचा खडखडायच्या, आणि मागच्या बाकावर कोणीतरी अभंग सुरू करायचं. मला आजही कधी पहाटे जाग आली की आधी तो खडखडाट ऐकू येतो आणि मग कळतं की आपण घरात आहोत.

मंडळाच्या मुख्य होत्या द्वारकाबाई. बाई मोठ्या करड्या. त्यांच्या पन्नास बायका आणि माझ्या कागदावर पन्नासच. उषा एक्कावन्नावी. ती माझ्या सीटवर, वाहकाच्या सीटवर बसली होती. कागदावर तिचं नाव नव्हतं. गाडीवाल्याची बायको म्हणून सगळ्यांनी समजून घेतलं.

अंबडला द्वारकाबाईंनी बायकांची रांग केली. पुढं पुजारी, मागं रांग, इथं हात जोडा, तिथं ओटी भरा, असं सगळं शिस्तीत चाललं. उषा त्या रांगेत गेली नाही. रांगेत गेली असती तर पन्नास जणींनी पन्नासदा विचारलं असतं, काय गं, अजून काही न्हाई का? ती आपली एकटीच पायऱ्या चढून गेली, दर्शन घेतलं आणि टेकडीच्या मागच्या अंगाला जाऊन बसली. मी गाडीपाशी राहिलो. वाहकानं गाडी सोडायची नसते. वेरूळला मी चाळीस वेळा गेलो असेन, पण लेणी एकदाच पाहिली. बाकीच्या वेळी मी आणि रामप्रसाद गाडीच्या सावलीत बसून पत्ते खेळत होतो.

साडेदहाला बायका परत आल्या. मी दारात उभा राहून एकेक डोकं मोजलं. पन्नास. बरोबर. एका म्हातारीला गरगरत होतं, तिला माझ्या सीटवर आडवं केलं आणि मी पुढं केबिनमध्ये रामप्रसादजवळ जाऊन बसलो. उषा मागं बायकांत बसली असेल असं धरून चाललो. डबल बेल मारली. गाडी निघाली.

वीस-पंचवीस किलोमीटरवर अंकुशनगर. साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता, उसाच्या बैलगाड्या रस्त्यावर अशा लागल्या होत्या की सायकल निघणार नाही. बारा वाजत आले होते. मी डब्याचं फडकं सोडलं. चार भाकरी, पिठलं, ठेचा. दोघांचा डबा, उषानं बांधलेला. मी मागं तोंड करून हाक मारली, "उषा, ये जेवायला."

मग द्वारकाबाईच म्हणाल्या, "तुमची मंडळी आमच्यात न्हाई. मला वाटलं पुढं तुमच्यापाशी हाय."

रामप्रसादनं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "वळवू का?"

इथं मी खरं सांगतो. गाडी वळवता आली असती. मागं रस्ता मोकळा होता. पण अमावस्या एकला संपणार होती आणि बायकांत कुजबुज सुरू झाली होती, पर्वणी चुकली तर काय उपयोग. पन्नास जणींची पर्वणी एका बाईसाठी कशी बुडवायची, असं मी मनाशी म्हणालो. तेही एक वेळ खरं धरा. पण त्याच्या खाली दुसरं होतं. जादा किलोमीटर झाले की डेपोत कारण लिहून द्यावं लागायचं. वाहक बायकोला विसरला, हे मी कोणत्या तोंडानं लिहिणार होतो? जन्मभर हसले असते लोक.

"चल पुढं," मी म्हणालो. "येताना घेऊ."

फडकं परत बांधलं. भाकरी तशाच राहिल्या.

चार वाजता आम्ही अंबडला परत आलो. ती खालच्या पायरीवर बसली होती, नारळवाल्याच्या दुकानाशेजारी. साडेपाच तास. मी धावत गेलो आणि म्हणालो, "उषा, शहागडला गेल्यावर कळलं गं. काय करणार मंग?" ती एवढंच म्हणाली, "बरं." गाडीत चढली. माझ्या सीटवर बसली नाही, मागच्या बाकावर जाऊन बसली. त्यानंतर तिनं माझ्या गाडीत कधी पाय ठेवला नाही. पुढं आम्ही बदनापूरला घर केलं, ती अंगणवाडी सेविका झाली. जालन्याला मीटिंग असली की रेल्वेनं जायची. माझी गाडी स्टँडवर उभी असली तरी स्टेशनाकडं चालायला लागायची. लोक म्हणायचे, कंडक्टरची बायको अन् रेल्वेनं? ती म्हणायची, मला एसटी लागते. तिला एसटी लागत नव्हती, हे मला आणि रामप्रसादला माहीत होतं.

दोन वर्षांनी कल्याण झाला. संसार बराबर झाला. पण ते खोटं माझ्या छातीत राहिलं ते राहिलंच.

कोचीला सकाळी जहाज लागलं. जहाज कसलं, आठ-दहा मजली गाव. खाली उतरताना दारात एक पोरगी प्रत्येकाचं कार्ड यंत्राला लावायची आणि टिंग वाजायचं. कोण आत, कोण बाहेर, सगळं यंत्राला पाठ. मला ते फार आवडलं. उषा माझ्या मागं उतरली, खांद्याला कापडी पिशवी.

"अजूनही चल माझ्यासोबत बसमध्ये," मी म्हणालो. "जागा आहे."

"तुम्ही या माझ्यासोबत."

"जहाज थांबत न्हाई गं!"

"मंग तुम्ही बसनं जा," असं म्हणून ती रिक्षावाल्यांकडं चालायला लागली. मलाही राग आला. नाकापेक्षा मोती जड झाला म्हटलं, जाऊ दे.

आमच्या बसचा गाईड पोरगा हुशार होता, पिवळा झेंडा घेऊन पुढं पुढं पळायचा. पण मोजणी कच्ची. माणसं अजून चढत असतानाच मोजायचा. मी दोनदा त्याला खाली उतरवून परत मोजायला लावलं. राजवाडा पाहिला, जुनी वखार पाहिली, मसाल्यांचं दुकान पाहिलं. काय पाहिलं ते आज मला सांगता येणार नाही. मी माणसं बघत होतो. दुपारी एका हॉटेलात केळीच्या पानावर जेवण वाढलं. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तेवढ्यात गाईडनं हॉलच्या दारातून सगळ्यांवर बोट फिरवलं आणि मोठ्यानं म्हणाला, "छत्तीस! सगळे आहेत!"

सगळे आहेत. आणि उषा नाही. परत तसंच. कागद बरोबर, मोजणी बरोबर, आणि माझी बायको मोजणीच्या बाहेर कुठंतरी बसलेली. मी पानावरून उठलो. भाताला हातही लावला नव्हता.

तिला फोन लावला. वाजत राहिला. अकरा वेळा लावला. पावणेतीनला बस जहाजापाशी आली, माझं कार्ड टिंग वाजलं, मी आमच्या खोलीत गेलो. तिचा फोन उशीवर चार्जिंगला लावलेला, त्यावर माझे अकरा कॉल.

सव्वातीन झाले. साडेतीन झाले. वरच्या कठड्याला उभा राहून मी खाली धक्क्याकडं बघत होतो. माणसं येत होती, टिंग टिंग वाजत होतं, त्यात उषाची हिरवी साडी दिसत नव्हती. खोटं कशाला बोलू, मला रडू येत होतं. आजूबाजूला लोक थंड पेय पीत समुद्राचे फोटो काढत होते.

तीन चाळीसला मी खाली दाराशी गेलो.

यंत्राजवळची पोरगी म्हणाली, "अंकल, आप तो टूर से आ गये ना? अब नीचे मत जाइये. चार बजे गेट बंद."

"मेरी बीवी बाहर है."

"वो टूर में थी?"

"नहीं."

"तो जहाज नहीं रुकेगा, अंकल."

"मत रोको," मी म्हणालो. "दो कम गिनो."

कार्ड परत यंत्राला लावलं आणि उतरलो. पाय जमिनीला लागले आणि एकदम हलकं वाटलं. मुंबईला जायला रेल्वे होती, बस होती, काहीच नसतं तर चालत गेलो असतो. धक्क्यावर एक लोखंडी खुंट होता, त्यावर बसलो. ऊन डोक्यावर तापत होतं. अंबडच्या पायरीवर साडेपाच तास बसणं म्हणजे काय, ते दहा मिनिटांतच कळायला लागलं.

चारला दहा कमी असताना फाटकापाशी रिक्षा थांबली. उषा उतरली, रिक्षावाल्याला हात केला आणि बाजारातून यावं तशी सावकाश चालत आली. मला पाहून थबकली.

"तुम्ही खाली काय करून राह्यले? तुमची बस कवाच आली असंल."

"आली. तू गेल्ती कुठं?"

"अन् जहाज गेलं असतं तर?"

"गेलं असतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग पिशवी खाली ठेवली. "तिकडं मोठमोठी जाळी हायेत, लाकडाला टांगलेली. पाच-सहा माणसं दोर ओढतेत तवा एक जाळं वर येतं, अन् त्यात चार मासे. दिवसभर तिथंच बसले. मलाबी दोर ओढू दिला एकदा."

"बाकीचं काही न्हाई बघितलं?"

"एकच बघितलं. पण बघितलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुम्ही जेवलात का?"

"न्हाई."

"जेवण होतं ना तुमच्या सहलीत?"

"होतं. न्हाई गेलं."

वरून पोरगी हात हलवत होती. मला वाटलं आत्ता नाही तर कधीच नाही.

"उषा, अंबडला तू राहिल्ती तवा मी खोटं बोलल्तो. शहागडला न्हाई कळलं मला. अंकुशनगरलाच कळल्तं. रामप्रसाद गाडी वळवू म्हणला. मीच न्हाई म्हणलो."

"माहितीये."

"कोणी सांगितलं? रामप्रसादनं?"

"भाकरीनं," उषा म्हणाली. "त्या दिवशी घरी येऊन डबा सोडला. फडक्याची गाठ माझी नव्हती, तुमची होती. म्हंजे तुम्ही डबा उघडल्ता. अन् चारी भाकरी जशाच्या तशा. बारा वाजले की तुम्हाला भूक धरवत न्हाई. शहागडला जाऊन कळलं असतं, तर तवर तुमच्या दोन भाकरी संपल्या असत्या. म्हंजे जेवायला बसताना कळलं, अन् गाडी न्हाई वळवली."

मला मान वर करता येईना. "मंग तवाच का न्हाई बोललीस?"

"गाडी हसनाबादला थांबल्ती तवा मी आईकडं उतरणारच होते. माझी पिशवी हातात होती. पण तुमच्या तोंडाकडं बघितलं, सुकून गेल्तं. म्हणलं घरी जाऊन आधी डबा बघू. जेवले असले तर सकाळच्या गाडीनं माहेरी, कायमचं." तिनं पिशवीतून फडक्यात बांधलेल्या दशम्या काढल्या. घरून आणलेल्या, चार दिवसांच्या. "न्हाई जेवले म्हणून राह्यले."

आम्ही तिथंच त्या खुंटावर बसून एकेक दशमी खाल्ली. वरून भोंगा झाला. पोरगी ओरडत होती, "अंकल, जल्दी!"

"चला," उषा उठली. "न्हाई तर खरंच रेल्वेनं जावं लागंल."

दारापाशी मी बाजूला झालो आणि तिला पुढं केलं. तिचं कार्ड टिंग वाजलं. ती आत गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आणि मगच माझं कार्ड लावलं. गाडीत सगळ्यात शेवटी चढायचं ते वाहकानं.